जबाब कोण देणार?

चेरीतालात पाणी शोधायला आलात तर नळाचंच सापडेल. ताल कधीच बुजला. त्यावर घरं आली, दुकानं आली, शिकवण्या आल्या आणि बाहेरगावच्या मुलांना भाड्याने दिलेल्या खोल्या आल्या. जबलपूरला बावन तालांचं शहर म्हणायची जुनी रीत आहे. त्यांतले कितीतरी आता असेच नावापुरते उरलेत. पण नावं मोठी बोलकी आहेत. राणी दुर्गावतीचा तो राणीताल, तिचा दिवाण आधारसिंह याचा आधारताल, आणि तिच्या दासीचा, म्हणजे चेरीचा, तो चेरीताल. ही आख्यायिका इथे घरोघरी सांगतात. ताम्रपट मात्र कोणी काढून दाखवत नाही. मला तिच्यातली एक गोष्ट लहानपणापासून आवडते. राणीच्या पदरी असलेल्या बाईच्याही नावावर एक तलाव होता. त्याची पाळ फुटली असती तर लोकांनी राणीला बोल लावला नसता, 'चेरीचा ताल फुटला' असंच म्हटलं असतं.

ही पुस्तिका त्याच चेरीतालात, माझ्या घराच्या ओसरीवर तयार झाली. तीसेक वर्षं मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवलं. निवृत्तीनंतर वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. शिकवणं सुटलं, मुलं काही सुटली नाहीत. कोणी बालाघाटचा, कोणी सिवनीचा, दोघे पांढुर्ण्याकडचे, घरी मराठी बोलणारे. सगळे कॉम्प्युटर सायन्सचे. एका डिसेंबरात रात्री साडेदहाला त्यांतला एक खाली आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेजर प्रोजेक्टचा वायवा होता. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, हा कोड काय करतो ते जरा समजावून सांगता का?"

"कोणाचा आहे?"

"माझाच आहे."

तो थट्टा करत नव्हता, आणि त्याच्या मते खोटंही बोलत नव्हता. साडेचार हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू माणूस आपलीच म्हणतो. दवाखान्यात रुग्णांना वेळ नेमून देणारा प्रोग्राम होता तो. एका फाइलीच्या डोक्यावर भलत्याच शहरातल्या भलत्याच कॉलेजचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीचं साल तसंच राहिलं होतं. मी बोट दाखवलं. त्याने ती ओळ झटकन पुसली आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." एवढीच अडचण त्याला दिसली होती.

मी रागावलो नाही. रागावायचे दिवस वीस वर्षांपूर्वीच संपले. एवढंच विचारलं, की दोन रुग्णांनी एकाच क्षणी एकच वेळ मागितली तर तुझा प्रोग्राम ती कोणाला देतो? तो शांतपणे म्हणाला, "एक्स्टर्नल असं काही विचारत नाहीत." दुसऱ्या दिवशी त्याला शंभरापैकी ब्याण्णव मिळाले. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, खरंच तसं काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही दर रविवारी संध्याकाळी ओसरीवर बसू लागलो. आधी चौघे, मग आठ-दहा, परीक्षेच्या दिवसांत एकटा मी. त्या बसण्यांत जे बोलणं झालं, वाद झाले, त्याची ही पुस्तिका.

'नीतिमत्ता' हा शब्द काढला की मुलांचे चेहरे शाळेच्या प्रार्थनेत होतात तसे होतात. अभ्यासक्रमात या विषयाचा पेपर असतो, त्याची गाइडं बाजारात मिळतात, आणि आदल्या रात्री गाइड वाचून मुलं प्रामाणिकपणावर दोन-दोन पानं लिहितात. शेजारच्याचं बघून लिहिलेली प्रामाणिकपणावरची उत्तरं मी तपासली आहेत. त्यामुळे तो शब्द इथे जपून वापरला आहे. आम्ही घेतला तो 'जबाबदारी'. त्याचं पोट फोडून पाहिलं तर आत 'जबाब' निघतो. विचारल्यावर ज्याला उत्तर द्यायचं आहे तो जबाबदार. पोलिस ठाण्यात लिहून घेतात तोही जबाबच. आमचं म्हणणं एवढंच, की ज्या प्रोग्रामखाली तुमचं नाव आहे त्यातली कुठलीही ओळ दाखवून 'ही इथे का?' असं विचारलं, तर तुम्हाला जबाब देता आला पाहिजे. ती ओळ पहिल्यांदा कोणी लिहिली हा त्याच्या नंतरचा प्रश्न. उसनवारीवरच हा धंदा वाढला आहे. दुसऱ्याने मोकळेपणाने दिलेला कोड घेणं, त्याचं नाव सांगणं आणि त्यात भर घालणं यात गैर काहीच नाही. गिटहबवरून घेतलेल्या कोडाबद्दल माझी तक्रार म्हणूनच फारशी नाही. न वाचता सही करण्याबद्दल आहे.

याचं उदाहरण शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. मध्य प्रदेशात राहणाऱ्याला 'व्यापमं' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. व्यावसायिक परीक्षा मंडळ हे त्याचं तेव्हाचं पूर्ण नाव. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षा घेणारी वेगवेगळी मंडळं एकत्र करून १९८२ साली ते झालं. पुढे शिपायापासून शिक्षकापर्यंतच्या सरकारी भरतीच्या परीक्षाही त्याच्याकडे आल्या. ७ जुलै २०१३ ला पीएमटी, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा होती. तिच्या तोंडावर इंदूर पोलिसांनी दुसऱ्यांच्या नावाने बसायला आलेले वीसेक जण पकडले, आणि दोरा ओढताच अख्खं वस्त्र उसवत गेलं. ऑगस्टमध्ये तपास विशेष कृती दलाकडे गेला, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने त्यावर देखरेख ठेवली, आणि ९ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळी प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. दलाल, पुढारी, पैसे आणि मृत्यू यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहिले. ते आमच्या पुस्तिकेत नाही.

मला त्या सगळ्यात फक्त संगणकाची खोली दिसते. अटक झालेल्यांत परीक्षा नियंत्रकाच्या जोडीला मंडळाचे सिस्टीम अॅनालिस्ट आणि प्रोग्रामर होते. त्यांच्यावर ठेवलेले आरोप आपल्या विषयाच्या माणसाने नीट वाचावेत असे आहेत. पहिली युक्ती रोल नंबरची. परीक्षेत कोण कुठे बसणार हे कोणाला आधी कळू नये म्हणून क्रमांक संगणकाने वाटायचे असतात. इथे ते वाटून झाल्यावर हाताने बदलले जात, असे की पैसे घेऊन आलेला हुशार मुलगा पुढे आणि पैसे दिलेला गिऱ्हाईक बरोबर त्याच्या मागे. या जोडीला नाव होतं 'इंजिन-बोगी'. दुसरी युक्ती फोटोची: उमेदवाराच्या नोंदीत तोतयाचा फोटो डकवायचा आणि परीक्षा झाली की मूळ फोटो परत ठेवायचा. तिसरी माझ्या मते सगळ्यांत निर्ढावलेली. उमेदवार उत्तरपत्रिकेतले गोल कोरे सोडून येई. संगणकात गुण आधी चढत आणि कागदावरचे गोल त्या गुणांना जुळतील असे मागाहून काळे होत.

आता हे प्रोग्रामरच्या नजरेने पाहा. यात अवघड काय आहे? दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करायची तर तिसरं रिकामं चल लागतं, हे आपण पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात शिकवतो. मुलं एक लाल पाण्याचा पेला, एक निळ्या पाण्याचा आणि एक रिकामा अशी चित्रं काढतात. रोल नंबर बदलायला त्याहून जास्त विद्या लागत नाही. मी ती पेल्यांची चित्रं किती वर्षं फळ्यावर काढली याचा हिशेब नाही, पण २०१३ नंतर ती काढताना माझा हात थोडा अडखळू लागला, हे खरं.

ही लबाडी पकडली गेली तीही मास्तरांच्या ओळखीच्या रीतीने. दोन शेजाऱ्यांची बरोबर उत्तरं जुळली तर त्यात नवल नाही, बरोबर उत्तर एकच असतं. चुकीची उत्तरं मात्र तीन असतात. प्रत्येक चुकीला दोघांनी तीच चूक निवडावी हा योगायोग किती वेळा घडणार? मंडळाने अशा संशयित जोड्यांची जुळणारी चुकीची उत्तरं मोजली. प्रॅक्टिकलच्या फायलींत मी नकला अशाच पकडत असे. चलांची नावं मुलं हुशारीने बदलतात, स्वल्पविराम हलवतात, पण मूळ फाइलीतला नको तिथला एक अधिक एक तसाच पुढे येतो. स्टॅनफर्डमध्ये वापरलं जाणारं 'मॉस' नावाचं साधन १९९४ पासून हेच करतं: नावं आणि मोकळ्या जागा सोडून देऊन कोडाचा सांगाडा पडताळतं. आमच्याकडे मॉस नव्हतं, चष्मा होता.

प्रवेश रद्द झालेले विद्यार्थी आधी इथे जबलपूरच्या उच्च न्यायालयात आले, मग दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. त्यांतल्या एकाला वाटत होतं, की इतकी वर्षं शिकून झालेल्या डॉक्टरांचं ज्ञान वाया घालवण्यापेक्षा त्यांच्याकडून काही वर्षं सेवा करून घ्यावी. शेवटी १३ फेब्रुवारी २०१७ ला तीन न्यायमूर्तींनी २००८ ते २०१२ या वर्षांतले ६३४ जणांचे प्रवेश रद्दच ठरवले. या निकालावर आमच्या ओसरीवर दोन रविवार वाद चालला. त्याहून मोठा वाद मात्र मी सहज टाकलेल्या एका प्रश्नावर झाला: समजा तुम्ही त्या खोलीत सहा महिन्यांपूर्वी लागलेले कनिष्ठ प्रोग्रामर आहात. क्रमांक वाटून झाल्यानंतर त्या तक्त्यात कोणीतरी पुन्हा हात घातलाय, हे तुम्हाला नोंदींवरून दिसलं. तुम्ही काय कराल?

एक जण म्हणाला, नोकरी सोडेन. दुसरा म्हणाला, सोडून काय होणार, त्या नोंदींची प्रत काढून ठेवेन. तिसऱ्याने विचारलं, प्रत घरी नेणं हाच गुन्हा ठरला तर? प्रश्न अगदी बरोबर होता. परवानगीशिवाय माहिती उतरवून घेणं आयटी कायद्याच्या ४३व्या कलमात बसतं. पांढुर्ण्याकडच्या दोघांतला एक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, खरं सांगू? घरी संत्र्याच्या बागेवर कर्ज आहे. मी काही बघितलंच नाही असं करेन." त्या संध्याकाळी सगळ्यांत प्रामाणिक उत्तर त्याचं होतं. पुस्तिकेतलं सगळ्यांत लांब प्रकरण त्याच्या या वाक्यावर आहे, आणि ते कुठल्याही उपदेशाने संपत नाही. कोणाला सांगायचं, लेखी कसं द्यायचं, स्वतःची टिपणं तारखेसह कशी ठेवायची, वकिलाला कधी गाठायचं, असल्या अगदी कारकुनी गोष्टी त्यात आहेत. घाबरलेल्या माणसाला धैर्याच्या गोष्टींपेक्षा कारकुनी गोष्टींचा जास्त आधार होतो, असा माझा अनुभव आहे.

एक जाता जाता. व्यापमंच्या खटल्यांत जो मान्यताप्राप्त परीक्षांचा कायदा लावला गेला तो १९३७ सालचा आहे. त्या वेळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. कॉपी हा आपला संयुक्त वारसा आहे म्हणायचा. केंद्राने २०२४ साली सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध नवा कायदा केला, त्यातल्या गैरप्रकारांच्या यादीत संगणक यंत्रणेत ढवळाढवळ करण्याबरोबर बैठकव्यवस्थेत फेरफार करणं हेही स्वतंत्रपणे लिहिलं आहे. ते कलम वाचताना इंजिन आणि बोगी आठवल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी 'ते तिकडचं' म्हणून मान फिरवू नये. शिक्षक पात्रता परीक्षेत, २०१९-२० च्या टीईटीत, नापासांचे पास झाल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात उघड झालं, ते निकालाच्या संगणकीय कामातूनच. राज्य परीक्षा परिषदेने २०२२ साली ७,८७४ उमेदवारांवर कारवाई केली. आपल्या मुलांना शिकवायला येणारे हे शिक्षक होते.

तरीही ही पुस्तिका गुन्हेगारांसाठी लिहिलेली नाही. लाच घेऊन तक्ता बदलणाऱ्याला तो काय करतोय हे पुरतं ठाऊक असतं. त्याला पुस्तिकेने फरक पडत नाही. आम्हाला काळजी आहे ती भल्या मुलांची. लाच घेणार नाहीत, चोरी करणार नाहीत, आणि तरीही कधीतरी 'ते सिस्टीमने केलं' असं म्हणतील अशा मुलांची. बँकेत, वीज कार्यालयात, रेशनच्या दुकानात हे वाक्य आपण सगळे ऐकतो. मराठीत कर्त्याशिवाय वाक्य करायची सोय आहे, 'होऊन गेलं', 'राहून गेलं'. संगणकाने या सोयीला एक कर्ता मिळवून दिला, आणि तो असा निघाला की त्याला कठड्यात उभं करता येत नाही.

ब्रिटनमध्ये या वाक्याची किंमत टपाल खात्यातल्या माणसांनी मोजली. 'होरायझन' ही फुजित्सू कंपनीची हिशेबाची प्रणाली १९९९ पासून तिथल्या पोस्टांत आली. तिच्या पडद्यावर तूट दिसू लागली, आणि छोटी पोस्ट चालवणाऱ्या लोकांवर अफरातफरीचे खटले भरले गेले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेलं, कोणी घर विकून तूट भरली, काहींनी जीव दिला. संगणक नीट चालतो असं तिथला कायदा गृहीत धरत असे. नीट चालत नाही हे दाखवून देणं आरोपीच्या अंगावर. खेड्यातल्या पोस्टमास्तरणीने ते कसं दाखवायचं? डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रणालीत खाती बिघडवू शकणारे दोष होते आणि कंपनीची माणसं दुरून त्या खात्यांत हात घालू शकत होती. सरसकट निर्दोष ठरवणारा कायदा व्हायला २०२४ उजाडलं. कंपनीच्या आतल्या लोकांना दोषांची माहिती वर्षानुवर्षं होती. ही लाच खाणारी टोळी नव्हती. रोज सकाळी कामावर येणारी, तक्रारींची तिकिटं बंद करणारी, संध्याकाळी घरी जाणारी माणसं होती. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसारखी.

कॅनडात बनलेल्या थेराक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राची गोष्ट पाचव्या प्रकरणात सविस्तर आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना त्याने भयंकर मात्रा दिली, काही त्यात दगावले. चालवणाऱ्याने पडद्यावरची नोंद फार चपळाईने दुरुस्त केली की प्रोग्रामचे दोन भाग एकमेकांशी चुकत. हाच दोष आधीच्या यंत्रातही होता, पण तिथे धोक्याच्या वेळी वीज तोडणारे खटके होते. नव्यात सगळा भरवसा प्रोग्रामवर टाकून ते काढले. तो प्रोग्राम एका माणसाने काही वर्षं खपून लिहिला होता. तो कोण, काय शिकलेला, हे जगापुढे कधी आलंच नाही. मुलांना यंत्राच्या दोषापेक्षा ही गोष्ट जास्त लागली. "इतकी माणसं गेली आणि नाव नाही?" एकीने विचारलं.

विद्यार्थ्यांच्या हातून झालेल्या दोन उपद्व्यापांचीही इथे ओळख करून देतो, कारण 'आम्ही तर अजून शिकतोय' ही ढाल सगळ्यांच्या आवडीची आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक आपोआप पसरणारा प्रोग्राम सोडला. नुकसान करायचा त्याचा हेतू नव्हता असं मानलं जातं. पसरण्याचा वेग त्याच्या अंदाजाबाहेर गेला आणि हजारो संगणक बसले. पण सोडताना त्याने तो कॉर्नेलमधून न सोडता एमआयटीच्या संगणकावरून सोडला, म्हणजे कोणी विचारायला आलं तर चुकीच्या दारात यावं. माझ्या दृष्टीने त्याचा गुन्हा वेगाचा नसून त्या दाराचा आहे. त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तासांची समाजसेवा आणि दंड झाला. पुढे तो त्याच एमआयटीत प्राध्यापक झाला. दुसरा मनिलाचा. ओनेल दे गुझमान याने इंटरनेटचे पासवर्ड चोरणारा प्रोग्राम हा आपल्या प्रबंधाचा विषय म्हणून दिला. कॉलेजने तो नाकारला. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या नावाने तीच कल्पना जगभर फिरली. फिलिपिन्समध्ये तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. कॉलेजने नकार दिला हे चांगलंच केलं, पण नकारानंतर कोणी त्या पोराशी बसून बोललं असतं तर, असा मास्तरी प्रश्न माझ्या मनात राहतो.

आता थोडं घरचं. माझे वडील इथल्या तोफगाडी कारखान्यात, जीसीएफमध्ये, तपासनीस होते. प्रत्येक सुटा भाग मापून पाहिल्यावर ते त्यावर आपल्या क्रमांकाचा ठसा मारत. पोलादी पंच होता, अंगठ्याएवढा, आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायची बंदी होती. भाग पुढे कुठेही नापास झाला तरी ठशावरून माणूस सापडे. सुट्टीवर जाताना ते पंच कुलपात ठेवून किल्ली साहेबाकडे देत, आणि घरी आल्यावरही मधूनच खिसा चाचपत. मला त्याचं हसू येई.

१९८९ साली मी एका कार्यालयात लागलो. डीबेसमध्ये शिष्यवृत्तीची गुणानुक्रमे यादी लावायचं काम होतं, शिष्यवृत्त्या चाळीस. चाळिसाव्या जागेवर दोघांचे गुण सारखे आले. नियम असा होता, की अशा वेळी वयाने मोठा असेल त्याला आधी घ्यावं. तो नियम परिपत्रकाच्या मागच्या पानावर होता आणि मी पान उलटलं नव्हतं. माझ्या प्रोग्रामने बरोबरीतल्यांना इंग्रजी नावाच्या आद्याक्षराने लावलं. 'बी'वाला आत गेला, 'व्ही'वाला बाहेर राहिला. 'व्ही'वाला अकरा महिन्यांनी मोठा होता. मला हे तीन महिन्यांनी, दुसऱ्याच कामात, ते परिपत्रक पुन्हा हातात आल्यावर कळलं. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, यादी लागली, पैसे वाटले गेले, आता कशाला उकरताय. संगणकाची यादी आहे, कोण विचारणार? कोणी विचारलं नाही. मीही पुन्हा बोललो नाही. तो मुलगा पुढे शिकला की नाही, हे शोधायला मला अवघड नव्हतं. मी शोधलं नाही. वडील तेव्हा हयात होते. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

रविवारच्या बसण्यांत हे सांगायला मला दीड वर्ष लागलं.

हल्लीचा प्रश्न राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानदारांच्या पोटावर पाय आला. त्याचं मला दुःख नाही. मुलं आता कोड यंत्राकडून लिहून घेतात. काही प्राध्यापक मित्रांना हा प्रलय वाटतो. मी स्वतः त्याला माझ्या जुन्या टिपणांतले प्रोग्राम समजावून सांगायला लावले. दोन-तीन ठिकाणी त्याने माझ्यापेक्षा चांगलं समजावलं आणि एका ठिकाणी तितक्याच ठामपणे धादांत चूक सांगितलं. म्हणून मी मुलांना वापरू नका म्हणत नाही. पण ओसरीवर एक नियम झाला आहे. यंत्राने दिलेला कोड देण्याआधी लॅपटॉप मिटायचा, कागद घ्यायचा आणि तो काय करतो, कुठे फसेल, हे हाताने लिहायचं. लिहिता आलं तर कोड तुमचा. नाही आलं तर अजून नाही. यंत्राचा जबाब नोंदवायला कोणी येत नसतं. फोन तुम्हालाच येणार.

पुस्तिकेत नऊ प्रकरणं आहेत आणि ती क्रमाने वाचायची गरज नाही. दुसऱ्यांची माहिती हाताळण्याचं प्रकरण पहिल्या वर्षाच्या मुलांनी तरी आधी वाचावं. वर्गमित्रांचे फोटो न विचारता घेऊन चेहरा ओळखणारा प्रोजेक्ट करणं आणि हजार लोकांचे मोबाइल नंबर असलेली एक्सेल फाइल ग्रुपवर टाकणं इतकं रोजचं झालं आहे, की त्यात काही आहे हेच कोणाला वाटत नाही. आपलं बँक खातं थोड्या पैशांसाठी अनोळखी माणसाला वापरायला देणाऱ्या मुलांसाठी दोनच पानं आहेत, कारण त्यात सांगण्यासारखं एकच आहे: देऊ नका, दिलं असेल तर आजच बँकेत जा. शिक्षकांनी आठवं प्रकरण वाचलं तर बरं. ते वायवा कसा घ्यावा यावर आहे. ब्याण्णव गुण देणारा एक्स्टर्नल मीही अनेकदा होतो. चाळीस मुलं, तीन तास, चार वाजताची गाडी. विद्यार्थ्यांच्या जबाबदारीबद्दल बोलताना हा हिशेब लपवणं मला बरं वाटलं नाही.

मुलांनी आपली नावं छापू नका म्हटलं. त्यांच्या नोकऱ्या लागायच्या आहेत, म्हणून ते मान्य केलं. त्या रात्री लॅपटॉप घेऊन खाली आलेल्या मुलाने हा मजकूर वाचला, साडेचार हजार नव्हे, चार हजार दोनशे होते अशी दुरुस्ती सुचवली, आणि मी ती इथे नोंदवतो.

नवव्या प्रकरणात शिष्यवृत्तीच्या यादीचा तो प्रोग्राम १९८९ साली लिहिला होता तसाच, चुकीसह छापला आहे. त्याच्याखाली माझं नाव आहे.

चेरीताल, जबलपूर